दाराशी पिशवी

सुभद्राक्का कुणालाही भेटल्या तरी नमस्कार करत नाहीत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या त्याच्या बरगड्यांच्या खाली दोन क्षण बघतात आणि म्हणतात, "उसुरु बिडु." कन्नडमध्ये याचा अर्थ, श्वास सोड. समोरचा मराठी असेल तर मराठीत सांगतात, दख्खनी बोलणारी बाई असेल तर "अम्मा, सांस छोड." भालकीच्या बसस्टँडवरचा कंट्रोलर असो, बँकेत काचेमागे बसलेली मुलगी असो, कुणाचीही यातून सुटका नाही. एका लग्नात अंतरपाटासमोर उभ्या असलेल्या नवरदेवाला त्यांनी पहिल्या रांगेतून सांगितलं, "आप्पा, श्वास सोड, लगीन हाय, जचकी न्हाई." नवरदेवाने सोडला. भटजींनीही सोडला असं म्हणतात.

त्यांचं म्हणणं असं की निम्मा तालुका श्वास धरून जगतो, आणि धरलेला श्वास फक्त बाळंतपणातच बाहेर पडला तर पोरीच्या एकटीच्या अंगावर सगळा भार येतो.

अक्कांचं काम बायकांना बाळंतपण शिकवण्याचं. तीस-बत्तीस वर्षं त्या खेड्यापाड्यांत सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात. यांनी वर्ग काढला. गुरुवारी भालकीत, मंगळवारी हुमनाबादला, आणि महिन्यातून एकदा आळंदच्या बाजूला मादन हिप्परग्यापर्यंत. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका हसल्या. आमच्या वेळी कुठं होता वर्ग, शेतात बसलो आणि घेऊन घरी आलो. अक्कांनी एकीला विचारलं, "भाकर थापायला शिकवलीस न्हवं लेकीला?" ती म्हणाली, व्हय. "ती करपली तर कुत्र्याला घालता येती. हे न्हाई घालता येत." त्या म्हातारीने पुढच्या गुरुवारी लेकीला आणलं, आणि आल्यासारखी स्वतःही बसून राहिली.

अक्कांबरोबर एक कापडी बाहुली असते, तिचं नाव गुंडव्वा. बाळाचं डोकं कसं वळतं, नाळ कुठे असते, बाळ छातीशी कसं धरायचं हे सगळं गुंडव्वावर शिकवलं जातं. तिला कुणी पायाला धरून उचललेलं अक्कांना खपत नाही. पालथी टाकली तर वर्ग थांबतो. आमच्या कर्नाटकात, हुमनाबादच्या बसमध्येही, बायकांना तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. अक्का दोन मागतात.

"दुसरं कुणाचं, अक्का?"

"हिचं."

"हिचं आधार कार्ड कुठाय?"

"आजून जन्मलीच न्हाई ती. दर मंगळवारी जन्मती, आकरा वाजता."

"मग पोटातल्याला तिकीट न्हाई."

"तर तसं लिहून दे."

हा संवाद गेली काही वर्षं त्याच शब्दांत चालू आहे. कंडक्टर बदलला तरी जुना कंडक्टर नव्याला सांगून जातो, असं मला वाटतं.

भालकीचा वर्ग एका मंगल कार्यालयाच्या तळघरात भरतो. तिथे लग्नाची भांडी ठेवतात. भिंतीला टेकवलेली पातेली, उपडी घातलेल्या कढया, आणि मध्ये चटयांवर भिंतीला पाठ टेकून बसलेल्या पंधरा-वीस दोन जिवाच्या पोरी. वर सनई वाजत असली की अक्का छताकडे बोट करतात. "वर गाठी मारायल्यात. हिकडं खाली आपन सोडवायच्या."

मी त्या वर्गात नऊ गुरुवार बसलो. असं का घडलं ते सांगायला हवं.

आमच्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात लेक येते, आई तिच्या पाठीशी असते, आणि नवरा उदगीर, लातूर, जिकडे असेल तिकडे फोनची वाट बघतो. माझी मुलगी रेणुका उदगीरहून आली तेव्हा माहेर म्हणून जे होतं ते म्हणजे मी होतो. प्रभाला, माझ्या पत्नीला, जाऊन दहा महिने झाले होते. मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. घरात पुस्तकं पुष्कळ होती. बाळंतपणाबद्दल त्यातल्या एकातही कामाचं काही नव्हतं. नायिका कळा देऊ लागली की प्रकरण संपे आणि पुढच्या प्रकरणात पाळणा हले.

रेणू मला म्हणाली नाही की आई हवी होती. मीही नाही. तेवढं एक वाक्य घरात कुठेतरी पडलेलं असावं तसं आम्ही दोघंही त्याला वळसा घालून चालत होतो.

अक्कांची माझी पहिली भेट बाजारात झाली. मी कोथिंबीर घेत होतो. एक ठेंगणी बाई समोर येऊन उभी राहिली, माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघितलं आणि विचारलं, "किती महिने झाले?"

मला वाटलं रेणूबद्दल विचारतायत. म्हणालो, "सातवा सरतोय."

"पोरीचं न्हाई विचारायलेय. तुमी कवापासनं धरून बसलाव?"

मी कोथिंबिरीचे पैसे दिले. त्या म्हणाल्या, "गुरुवारी घेऊन या तिला."

गुरुवारी मी रेणूला तळघराच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन गेलो आणि दाराशी थांबलो. आतून आवाज आला, "पुरुषमाणूस कोण?"

"मुलीला सोडायला आलोय."

"सोडलाव तर जावा. हिची आई कुठाय?"

रेणूने मान खाली घातली. मी म्हणालो, "नाही."

असं म्हटल्यावर लोक जे विचारतात ते अक्कांनी विचारलं नाही. काय झालं होतं, वय काय होतं, काहीच नाही. त्यांनी एक चटई उचलून समोर टाकली. "मग हिकडं बसा. आयांच्या रांगेत."

मी आयांच्या रांगेत बसलो.

त्या रांगेचे नियम कडक होते. आपल्या जचकीची गोष्ट सांगायची नाही. "भुताची गोष्ट झोपताना सांगत न्हाईत," अक्का म्हणायच्या, आणि कुणी "आमच्या वेळी तीन दिवस…" अशी सुरुवात केली की तिच्या हातात गुंडव्वा देऊन तिला कोपऱ्यात फेऱ्या मारायला पाठवायच्या. सगळ्यांत अवघड नियम असा की प्रत्येक आईने एकदा लेकीच्या जागी आडवं व्हायचं. लेक आई व्हायची, कंबर चोळायची, आणि आईने कळा द्यायच्या. अक्कांच्या मते आयांना आपली स्वतःची जचकी आठवते पण अंगाला आठवत नाही, म्हणून त्या लेकीला "सोस की जरा" म्हणतात.

माझी पाळी आली. मी कुशीवर झालो. कढयांच्या रांगेपलीकडून कुणीतरी हसलं.

"कळ आली, सर," अक्का म्हणाल्या.

मी डोळे मिटले.

"ह्ये काय? कळ आली म्हनलं, झोप न्हाई."

मूळची मादन हिप्परग्याची, आता भालकीत राहणारी एक बाई होती, तिची लेक माझ्या रेणूच्या शेजारी बसायची. ती म्हणाली, "सरांस्नी पेपर तपासायच्या कळा येत आसतील, त्या आशाच येत्यात."

सगळा वर्ग हसला, रेणूही. मी म्हणालो, "अक्का, मला ओरडता येत नाही."

"म्हाईत हाय," त्या हळू म्हणाल्या. "वरडू नगा. नुसता सोडा."

रेणू माझी पाठ चोळत होती. तिचा अंगठा कण्याच्या खालच्या हाडापाशी गोल फिरत होता, अक्कांनी शिकवला तसा. माझ्या तोंडातून एक आवाज निघाला. तो कळेचा नव्हता. कुणी हसलं नाही. मादन हिप्परग्याची बाई उठली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्या डोक्याशी ठेवून गेली.

वर्गात दुसरी एक गंमत असे, जावयांची. आईने कंबर चोळावी, पण हात नवऱ्याचाच धरायचा, हे अक्कांचं ठाम मत. "पेरलं त्यानं, आनि राखण सासूनं करायची व्हय?" त्यामुळे प्रत्येक पोरीच्या नवऱ्याने एका तरी गुरुवारी यायलाच हवं. आता आमच्याकडे सासरवाडीला आलेला जावई म्हणजे चालता-बोलता देव. अक्का त्याला तसंच वागवायच्या. खुर्ची, टॉवेल-टोपी, चहा, सोबत शंकरपाळे. जावईबापू खुशीत येऊन पाय पसरत. मग अक्का म्हणत, "आता जरा उभं ऱ्हावा," आणि पाच किलो ज्वारीची पिशवी त्यांच्या पोटावर धोतराने आवळून बांधत.

"जावईबापू, चमचा पडला खाली. तेवढा उचला."

जावईबापू वाकत. चमचा हाती येत नसे.

"लघवीला जाऊन यायलाव का? पुन्हा? आत्ताच गेल्ताव की."

आमचा महेश उदगीरहून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. तो दीड तास पोटाला ज्वारी बांधून बसला, जिना चढला, उतरला, आणि सोडल्यावर म्हणाला, "अक्का, हे रोज?" अक्का म्हणाल्या, "न्हाई, रोज थोडं थोडं जास्त." त्या दिवसापासून तो रेणूला फोनवर 'जेवलीस का' एवढंच न विचारता 'झोप लागली का' असंही विचारू लागला. कळा सुरू झाल्या की दुकान तसंच टाकून येईन, असा शब्द त्याने गुंडव्वाच्या डोक्यावर हात ठेवून दिला. अक्का दुसऱ्या कशावर शपथ घेऊ देत नसत.

सहाव्या गुरुवारी कापड फाडायचं असे.

तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं. बाळाला गुंडाळायला आजीची जुनी साडी हवी, दहा-पंधरा वर्षं नेसून, धुऊन सायीसारखी झालेली. त्या दिवशी प्रत्येक आई आपली एक साडी घेऊन येते. कात्री चालत नाही, कडेला नुसती एक चीर द्यायची. मग एक टोक आईने धरायचं, एक लेकीने, आणि श्वास सोडत ओढायचं. "एकटीनं फाडायची न्हाई," अक्का बजावत, "वाकडी फाटती." सगळ्या तळघरात फाटणाऱ्या सुताचा आवाज घुमतो. आया हसतात, एखादी डोळे पुसते, ही साडी मला हिच्या बारशाला घेतली होती असं कुणी सांगतं.

प्रभाच्या साड्या कपाटात होत्या. सुती इरकल, बहुतेक निळ्या आणि काळ्या. ती गेल्यापासून मी ते कपाट उघडलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी कपाटासमोर उभा राहिलो. किल्ली फिरवली. दार उघडलं नाही, कारण मी ते ओढलं नाही.

गुरुवारी सांगितलं, "घरीच फाडलं आम्ही." रेणू माझ्याकडे बघत राहिली. अक्का माझ्या तिसऱ्या बटणाकडे.

"पिशवी?"

"भरली."

"दाराशी?"

"दाराशी."

पिशवी ही अक्कांची दुसरी कडकडीत बाब. नववा महिना लागला की दवाखान्याची पिशवी भरून घराच्या दाराशी ठेवायची. बाजारात, देवळात, चालत्या बसच्या खिडकीतून त्या ओरडून विचारत, "पिशवी दाराशी हाय का?" आमची दाराशी होती. तिच्यात रेणूचे कपडे, कागदपत्रं, टोपडं, साबण, खजूर, सगळं होतं. फक्त तळाला जिथे चार कापडं असायला हवी होती तिथे मी एक जाड टॉवेल घडी करून ठेवला होता.

एकदा अक्कांचा चष्मा वर्गात राहिला म्हणून मी तो द्यायला त्यांच्या घरी गेलो. दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या. घरात त्या एकट्याच. आत पाऊल टाकलं तर उंबऱ्याशी एक पिशवी, भरलेली, तोंड नाडीने बांधलेली. मी म्हणालो, "तुमच्याकडेही?"

"नमुन्याची हाय," त्या म्हणाल्या. "पोरींस्नी दावायला."

मला ते पटलं. वर्गात त्या पिशवी कधीच आणत नसत, हे मात्र तेव्हा लक्षात आलं नाही.

रेणूच्या कळा एका सकाळी भाकरी खाताना सुरू झाल्या. आम्ही महेशला फोन केला, अक्कांना केला आणि दवाखान्यात पोहोचलो. अक्का आधीच व्हरांड्यात होत्या. दुपारपर्यंत मी रेणूबरोबर त्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. कळ आली की ती भिंतीला हात टेके आणि मी तिची कंबर चोळे. नऊ गुरुवारांत शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं होतं, अंगठ्यात मात्र राहिलं होतं. एका कळेला ती "आई" म्हणाली. मी "ओ" दिली. तिला हसू आलं, मग रडू, मग पुढची कळ.

महेश दोन वाजता आला, चपला वेगवेगळ्या. दवाखान्यात आत एकालाच सोडत. रेणूने माझा हात धरला होता.

"सर, हात द्या त्येच्या हातात," अक्का म्हणाल्या. "लग्नात दिल्ताव न्हवं? तवा लोकं बगत होती म्हनून. आता खरा द्या."

मी दिला. दार लागलं. थोड्या वेळाने आतली नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "बाळाची कापडं द्या. वेळ जवळ आली."

मी पिशवी उघडली. टॉवेल काढला. नर्सने तो हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि अक्कांकडे बघितलं. अक्का ओरडतील असं वाटलं. पातेल्यांच्या त्या खोलीत यापेक्षा कमी चुकांवर त्या ओरडल्या होत्या.

त्यांनी कमरेची किल्ली काढली. "माझे गुडघे न्हाईत. तुमी जावा. दाराशी पिशवी हाय, आना."

मी त्या गल्लीतून धावलो. मी धावलो त्याला खूप वर्षं झाली होती. पिशवी घेऊन आलो, बाकावर ठेवली, अक्कांनी नाडी सोडली. कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. पाला ताजा होता, आठवड्याचाही नसेल. आत चार कापडं, उन्हात घातल्याचा वास असलेली, एक टोपडं, लोकरीचे इवले मोजे. पिशवीच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने एक नाव शिवलेलं होतं. निर्मला.

अक्कांनी कापडं नर्सला दिली. ती आत गेली. मी पिशवीकडे बघत होतो.

"नमुन्याची म्हणाला होतात."

"लेकीची हाय," अक्का म्हणाल्या. "बेंगळूरला आसती. दिवस गेले तवा भरली मी. म्हनलं सातव्यात येईल."

"मग?"

"आली न्हाई. फोन केली. म्हनली, आई, तूच शिकवलीस की, हात नवऱ्याचा धरायचा. ह्येला रजा न्हाई. म्हनून हिथंच करताव." अक्कांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. "बराबर केली तिनं. पैल्या नंबराची विद्यार्थिनी माझी. नवरा सगळा वेळ जवळ व्हता. कुटं चुकली न्हाई."

"तुम्ही गेला नाहीत?"

"बारशाला गेल्ते. तितं सगळं तयार, गादीसुदिक इकतची." त्या थांबल्या. "नातीला आता पाचवं लागलं. पिशवी मोकळी कराया सवड मिळाली न्हाई."

पाच वर्षं त्या बाईला सवड मिळाली नव्हती, आणि दर आठवड्याला पाला बदलायला मिळत होती. माझ्याही कपाटाचं तसंच होतं.

चार वाजायच्या आत रडणं ऐकू आलं. मुलगी झाली. नर्सने तिला बाहेर आणून दाखवलं तेव्हा ती अक्कांच्या कापडात होती. मी बघितलं तर कापडाची कड वाकडी होती, एका बाजूला चार बोटं रुंद, दुसरीकडे दोन.

"हे असं कसं फाटलं?" मी विचारलं. विचारायची ती वेळ नव्हती.

"खिडकीच्या गजाला बांधून वडलं," अक्का म्हणाल्या. "गज श्वास सोडत न्हाई, सर."

बारसं झाल्यावर, तेराव्या दिवशी मी कपाट उघडलं. प्रभाची निळी इरकल काढली, ती घरी नेसायची ती. धुतली, वाळवली, आणि अक्कांच्या घरी घेऊन गेलो. उंबऱ्याशी रिकामी पिशवी खिळ्याला टांगलेली होती.

अक्कांनी साडी दोन बोटांत धरून बघितली. "किती वर्सं नेसली?"

"मोजली नाहीत. रेणू शाळेत असल्यापासून."

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी कडेला चीर दिली, एक टोक मला दिलं, एक स्वतः धरलं. मी उभा राहिलो. अक्का 'श्वास सोडा' म्हणाल्या नाहीत. त्या फक्त थांबल्या, जितकं थांबावं लागलं तितकं. मी श्वास सोडला आणि ओढलं. साडी सरळ फाटत गेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

आठ कापडं झाली. चार मी रेणूसाठी घडी केली, चार त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती बराच वेळ बघितली. मग उठून परसातल्या निंबाचा पाला आणला, पिशवीत घातला, वर कापडं ठेवली, नाडी बांधली आणि पिशवी दाराशी ठेवली. ठेवली खरी, पण नाडीवरचा हात काढला नाही. माझ्याकडे पाठ करून तशाच वाकून राहिल्या.

मी म्हणालो, "अक्का."

"सोडायलेय, सर," त्या म्हणाल्या. "सोडायलेय."